रुंद वाट गवताची

डोंगराच्या पदरावरचं गवत यंदाही पिवळं पडलं. आधी शेंडे, मग कमरेपर्यंत, आणि आता दुपारच्या उन्हात अख्खा माळ तव्यावर खरपूस झालेल्या भाकरीसारखा दिसतो. घरातली माणसं अंगणात उभी राहून बघतात, मोबाइल वर धरून फोटो काढतात, म्हणतात, किती छान. मी बघतो आणि माझी कानशिलं तापतात. सगळ्यांना या दिवसांत दिवाळी येते. मला राग येतो.

सून विचारते, "बाबा, रोज कोणावर चिडता?" एकावर असतं तर नाव घेतलं असतं. ओढ्याकाठची जमीन घेऊन तिला तारेचं कुंपण घालणाऱ्यांवर, ज्यांनी गुरांची पाण्यावर जायची वाट तोडली. शनिवारी गाड्या घेऊन येऊन ओढ्यात गाणी लावणाऱ्यांवर. भातसाच्या धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि आमच्या बाया वैशाखात हंडे घेऊन विहिरीत उतरतात, त्याच्यावर. पण खरं सांगायचं तर गवताच्या दिवसांतला हा राग वेगळा आहे. तो मागल्या साली चढला आणि अजून उतरलेला नाही. तो कोणावर आहे हे सांगायचं तर मला अख्खा डोंगर पुन्हा चढावा लागेल. चढतो. त्यात काय.

माझं घर वाडीत शेवटचं. दारात चिंच, चिंचेखाली खाट, खाटेपलीकडे वाट आणि वाटेपलीकडे सरळ डोंगर. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची शीव इथेच कुठेतरी ओढ्यातून जाते. नक्की कुठून, ते तलाठीसुद्धा आधी इकडेतिकडे बघतो आणि मग सांगतो. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीच्या वर्षी गवताचा हंगाम आला आणि बापाने हातातली पाटी काढून विळा दिला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पाटीवरचं विसरलो. विळ्याने लिहिलेलं डाव्या हाताच्या बोटांवर अजून आहे.

तेव्हा आश्विन सरत आला की सगळी वाडी डोंगराच्या पदरावर जायची. तिथे मोठा माळ आहे, आणि त्यावर गवत माणसाच्या डोक्याएवढं. सकाळी दवाने ओलं असतं तेव्हा विळा सरसर जातो. ऊन चढलं की तेच गवत खरखरायला लागतं आणि कुसळं धोतरातून आत शिरतात. आजही कधी या दिवसांत उगाच मांडी खाजली की मला वाटतं, एखादं कुसळ त्या वर्षांतलंच राहिलंय. पेंढ्या बांधायला दोरी कुठली? गवताचेच दोन झुबके घ्यायचे, पीळ घालायचा, त्याचा बंध करायचा. बाप बंध पिळायचा तेव्हा त्याच्या तळव्यातून सुतार लाकूड घासतो तसा आवाज यायचा. पेज पिऊन सुरुवात, दुपारी भाकर आणि सुकट, आणि पाणी पुरलं तर पुरलं.

भारा डोक्यावर घेऊन घाटवाटेने खाली यायचं म्हटलं तर दिवसाला दोन खेपा होतात. म्हणून आमच्या जुन्या माणसांनी सोपं काम केलं होतं. माळाच्या टोकाला कडा आहे. कड्याखाली थेट वाडीची शेतं. भारा कड्यापर्यंत न्यायचा आणि खाली टाकून द्यायचा. त्या जागेचं नावच टाकणी. वरून बाप ओरडायचा, "भाराऽऽ होऽऽ!" खाली बाया पोरांना घेऊन बाजूला व्हायच्या आणि आईचा आवाज यायचा, "सोऽऽड!" मग भारा सुटायचा. हवेत तो काहीच आवाज करत नाही. मी श्वास धरून उभा राहायचो. बऱ्याच वेळाने खालून धप्प ऐकू यायचं, आणि त्यानंतर बायांचं हसणं. ते गवत बैलगाड्यांनी शहापूरच्या वखारीत जायचं, आणि तिथून मुंबईच्या म्हशींना. आमच्या डोंगराचं दूध मुंबईने प्यायलंय. हे कोणी कुठे लिहीत नाही, म्हणून मी सांगितलं.

एकेक गडी दिवसात वीस वेळा टाकणीवर जायचा. सगळ्या वाडीचे पाय तिथे पडायचे. म्हणून माळावर जिथे दोन वाटा फुटतात तिथे टाकणीकडे जाणारी वाट गाडीवाटेएवढी रुंद झाली. आणि घाटावर चढणारी, वरच्या मुलखात जाणारी खरी वाट राहिली बारीक. कारवीच्या झुडपात शिरते. नव्या माणसाला दिसतही नाही. पहिल्या दिवशी बापाने मला त्या फाट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "ध्यानात ठेव रे. रुंद वाट गवताची, बारीक वाट माणसाची. गवत कड्यावरून पडलं तर त्याचं काय जात नाय." चौथीत मी एवढंच शिकलो.

गवत कापणं थांबून बरीच वर्षं झाली. वखारी गेल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या. रुंद वाट मात्र बुजली नाही, कारण गुरं तिच्यावरूनच चरायला जातात. गुराखी फाट्यावर एक डहाळी आडवी टाकून ठेवतात. आडवी डहाळी म्हणजे इकडे जाऊ नका. आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला कळतं हे.

आता ठकी. ठकी माझी धाकटी बहीण. घाटावर दिली. सरळ वर बघितलं तर तिचं गाव आमच्या डोक्यावर आहे, आणि गाडीने गेलं तर अर्धी दुनिया फिरून जावं लागतं. ती गेली त्या वर्षापासून दर भाऊबीजेला मी या वाटेने तिच्याकडे जातो. बरोबर लवकर निघणाऱ्या हळव्या भाताचे नवे पोहे. तिच्याकडेही भात होतो, पण तिला माहेरचेच लागतात. ओवाळल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही. पूर्वी ते चालून जायचं. आता तिला साखरेचा आजार आहे आणि गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. मागल्या साली तिच्या मुलाचा फोन आला. "मामा, आई आमचं ऐकत नाय. दुपारच्या आत या, नाहीतर येऊच नका. गेल्या वर्षी ती चक्कर येऊन पडली होती, तुम्हाला सांगितलं नाय तिनं."

मी शब्द दिला, दुपारचं जेवण तिच्या घरी. माझा मुलगा पांडू समोरच होता.

"एसटीने जा, बाबा. टोकावड्याला बाइकवर सोडतो. गाडी माळशेज घाटानं जाते."

"मग पुढं दोन गाड्या बदला. तोपर्यंत दिवस बुडतो."

"आणि डोंगरातनं?"

"डोंगरातनं मी चालतो. दिवस नाय बुडत."

"पंच्याहत्तरी उलटली तुमची."

"डोंगराची किती झाली? त्याला विचारलंस?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती, का रडत होती, मला आजपर्यंत माहीत नाही.

फटफटताना निघालो. कमरेच्या आकडीत कोयता, हातात काठी, खांद्यावर पोह्यांचं गाठोडं. खाचरांत कापलेल्या भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या आणि त्यांना तो वास होता, ओला आणि गोडसर, जो वर्षातून आठच दिवस असतो. ओढा ओलांडला. पायाला गार लागलं. पहिल्या चढावर गुडघा बोलला, मी त्याला गप्प केलं. सकाळी त्या वाटेला आडवी कोळ्याची जाळी असतात. पहिल्या माणसाच्या तोंडाला ती चिकटतात. मला त्यांचा कंटाळा, पण त्यांच्यामुळे कळतं की आज वाट आपली आहे. त्या दिवशी तोंडाला एकही जाळं लागलं नाही. म्हणजे माझ्याआधी कोणी तरी गेलं होतं. तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. भाऊबीजेच्या दिवशी, या वाटेवर, माझ्यापुढे कोण?

माळावर आलो तेव्हा ऊन नुकतं गवताच्या शेंड्यांना लागलं होतं. दवामुळे सगळा माळ चमकत होता. वारा आला की गवत एका अंगावर झोपायचं आणि परत उठायचं. बापाच्या तळव्यांचा आवाज येतो की काय, असं वाटलं. मी क्षणभर थांबलो. कोणी बघायला नव्हतं म्हणून थांबलो.

आणि मग फाटा. फाट्यावर काळा धोंडा आहे, म्हशीच्या पाठीसारखा. बाप त्यावर विळ्याला धार लावायचा. त्या धोंड्यावर पिवळ्या ऑइलपेंटने बाण काढला होता. चांगला हातभर लांब. आणि बाणाचं टोक रुंद वाटेकडे.

मी काय काय बोललो ते इथे सांगता येणार नाही. आमच्या दगडावर, आम्हाला न विचारता, आणि तोही खोटा बाण! रंगाचे ओघळ खाली सुकले होते. मी नखाने खरवडलं. नख तुटलं, रंग हलला नाही. मग खाली बघितलं. गुराख्यांची आडवी डहाळी जागेवर होती, पण धुळीत बुटाचे ठसे होते, ताजे, दात असलेल्या तळव्याचे. ते डहाळीच्या अलीकडे होते आणि पलीकडेही होते. एकच माणूस. आत गेला होता. परत आला नव्हता.

मी वर बघितलं. सूर्य कासराभर वर आला होता. ठकीने अंगण सारवून पाट मांडला असेल, रिकाम्या पोटी. मी चांगला दिसावा म्हणून हे सांगत नाही, तेव्हा खरं ते बोलतो: मी बारीक वाटेवर पावलं टाकली. कारवीत शिरलो. मनात म्हणत होतो, मला काय, ज्याने बाण काढला त्याने निस्तरावं. मग कानात ते धप्प वाजलं. भाऱ्याचं. मी स्वतःला शिवी दिली, त्या बुटवाल्याला दिली, आणि मागे फिरलो.

टाकणीच्या पुढे कड्याच्या अंगाला शेरड्यांची वाट आहे. वाट कसली, गवताची तिरपी पट्टी, जेमतेम पाऊलभर. माणूस तिथे पंधरा हातांवर अडकला होता. चाळिशीचा असेल. पाठीवर भलीमोठी बॅग. एका हाताने झुडूप धरून, अंग डोंगराला चिकटवून उभा. सुकलेलं कुसळी गवत तेलासारखं निसरडं असतं. प्रत्येक हालचालीला त्याचा बूट थोडा थोडा सरकत होता.

"काका! ओ काका! पुढे वाट आहे का?"

"पुढं माझी वाडी हाय. एकदम खाली. बूट काढ."

"काय?"

"बूट काढ म्हणतो. कानात पण बूट घातलायस काय?"

त्याच्या कानात खरंच काहीतरी होतं, पांढरं. ते काढायला त्याने हात उचलला आणि पाय सरकला. मी ओरडलो, "कानाला हात लावू नको! आधी बॅग सोड."

"बॅगेत कॅमेरा आहे, काका."

"मग तुला सोड आणि कॅमेऱ्याला वर पाठव!"

बॅग सुटली. काहीच आवाज नाही, आणि मग बऱ्याच वेळाने धप्प. खालून कोणी हसलं नाही. तो पांढरा पडला. पण त्यानंतर मात्र सांगितलेलं ऐकायला लागला. एका हाताने बूट काढले, तेही खाली गेले. मी माझ्या चपला काढल्या, कोयता काढला, आणि गवत छाटून मातीत पायापुरत्या खाचा पाडत गेलो. एक खाच, एक पाऊल. गुडघा गप्प होता. त्यालाही कळलं असावं. शेवटी मुंडासं सोडून त्याच्या मनगटाला बांधलं.

"उभा राहू नको. बसून सरक. खाचेत टाच घाल."

"कुसळं टोचतायत..."

"टोचू दे. कडा टोचत नाय, एकदम खातो."

माळावर आल्यावर तो बसला आणि त्याचे दात वाजायला लागले. मी त्याला पाणी दिलं, वाटेसाठी बांधून आणलेली माझी भाकर दिली, आणि मग जे तोंड सुटलं ते सुटलं. शहरातली माणसं, त्यांचे रंग, त्यांचे बूट, आडवी डहाळी दिसत नाही का, डोळे आहेत का बटणं. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा श्वास संपला तेव्हा हळूच म्हणाला, "डहाळी दिसली काका. मला वाटलं वाऱ्यानं पडली. ओलांडून गेलो. बाण होता ना."

"बाण कोण्या गाढवानं काढला?"

"माझ्या मित्रानं. श्रावणात ते पाच-सहा जण आले होते. फार पाऊस होता म्हणून इथपर्यंतच आले, उघडीप झाली तेव्हा पुढच्या वेळेला म्हणून खूण करून गेले. पण त्याची चूक नाही. त्याला खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं."

"कुठल्या म्हाताऱ्यानं?"

"शेवटचं घर, दारात चिंच. मी व्हिडिओ बघितलाय ना. खाटेवर बसला होता, यांच्याकडे पाठ करून. तोंडसुद्धा वळवलं नाही त्यानं. पाठमोराच म्हणाला, रुंद वाट धरा, वर जाते."

गवत एका अंगावर झोपलं आणि परत उठलं. मी काठीकडे बघत बसलो.

श्रावण. मला सगळं आठवलं. मी काहीच विसरलो नव्हतो, फक्त बाजूला ठेवलं होतं. लावणी झालेलं खाचर, गुडघाभर रोप, आणि रंगीत रेनकोटवाली पाच-सहा माणसं बांधावरून चाललेली. एकाचा पाय घसरला आणि बांध फुटला. खाचरातलं पाणी भसाभसा खाली निघालं, बरोबर खत निघालं, रोपं आडवी झाली. ती हसली. पडलेल्याला हात देऊन हसली आणि पुढे गेली. मी एकट्याने मातीची ढेकळं लावून तो बांध भरला. घरी येऊन खाटेवर टेकलो तेव्हा हातापायांचा चिखल सुकला नव्हता. तेवढ्यात तीच माणसं वाट विचारायला आली. "ओ मामा, वर कुठून जायचं?" मी पाठ फिरवली. आणि बापाचं अर्धं वाक्य त्यांना दिलं, अर्धं पोटात ठेवलं. खोटं नाही बोललो. रुंद वाट टाकणीपर्यंत चढच आहे. मनात म्हटलं, जाऊ देत धुक्यात, कडा बघून मुकाट परत येतील, जिरेल. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं होतं.

"तुम्ही ओळखता का त्या म्हाताऱ्याला?" त्या माणसाने विचारलं.

"ओळखतो."

"भेटला तर सांगा त्याला."

"सांगून बघतो. माझं पण ऐकत नाय तो."

एवढंच बोललो. जीव वाचवताना जीभ चालत होती, खरं सांगायच्या वेळी टाळूला चिकटली. त्याला माझ्या चपला घालायला दिल्या, फाट्यापर्यंत आणलं, खाली जाणाऱ्या वाटेला लावलं. माझ्या पाया पडायला वाकला. मी ओरडलो, "पाया पडू नको, पायाखाली बघ!" त्याला वाटलं असेल, म्हातारा फार मोठ्या मनाचा आहे. त्याचाही मला राग आला.

मग बाण. दगडाने घासला, कोयत्याने खरवडला, शेवटी चिखल आणि शेण आणून त्यावर थापलं. सूर्य डोक्यावर आला होता. ठकीला दिलेला शब्द तिथेच मोडला.

त्यानंतरची नाळ, कड्यांमधली अरुंद घळ, मी अनवाणी चढलो. दोन्ही बाजूंना काळे कातळ आणि मध्ये धोंड्यांची उतरंड. पुस्तकात लिहितात की रागाने बळ येतं. लिहिणाऱ्याने कधी रागाने चढून बघावं. रागाने छाती भरते आणि श्वासाला जागा उरत नाही. चार पावलं टाकायची, टेकायचं. आतापर्यंत या चढावर शिव्या द्यायला माझ्याजवळ नेहमी कोणीतरी असायचं. धोंडा असायचा, सरकार असायचं, पांडू असायचा. त्या दिवशी शिवी तोंडात यायची आणि माझ्यावरच येऊन पडायची. खिंडीत वाटेचा देव आहे, नुसता शेंदूर लावलेला दगड. येणारा-जाणारा त्याच्यावर एक हिरवी डहाळी ठेवतो, वाट सुखाची झाली म्हणून. मी डहाळी तोडली. हातात धरून उभा राहिलो. ठेवली. त्याला सगळं वरून दिसलं असणारच.

ठकीच्या गावात शिरलो तेव्हा गुरं परत येत होती. ती ओट्याला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, शेजारी ओवाळणीचं ताट झाकून ठेवलेलं. तिच्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि आत गेला. तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

"आलास व्हय," ठकी म्हणाली. पन्नास वर्षांत तिची बोली घाटावरची झाली आहे. "पाट बघून बघून डोळं पांढरं व्हायची येळ आली. आन् चपला कुठं रं तुझ्या?"

"दिल्या एकाला."

"आन् शब्द? त्यो पण दिलास व्हय त्यालाच?"

तिने ओवाळलं. ज्योत हलत होती. पोह्यांचे दोन घास खाल्ले, गोळी घेतली, आणि मगच म्हणाली, "आता बोल. कुणावर एवढा फुगलायस?"

मी सांगितलं. बांध, खाट, पाठ, बाण, बॅग. माझ्या बायकोलाही मी कधी एवढं सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, ठकी म्हणेल, जाऊ दे दादा, माणूस वाचला ना. ठकी तसली नाही.

"बा दोन्ही वाटा सांगायचा," ती म्हणाली. "रागात असला तरी सांगायचा. मारून सांगायचा, पर सांगायचा. तू एकच सांगितलीस. आन् ती बी पाठीनं."

मी उठून अंगणाच्या कडेला गेलो. तिथून आमचा माळ दिसतो, खाली, हाताच्या तळव्याएवढा. त्या वेळी तो तांबूस झाला होता. टाकणीची रुंद वाट एवढ्या लांबून स्पष्ट दिसत होती. बारीक वाट दिसतच नव्हती.

सकाळी निघताना ठकीने दिवाळीला भिंती रंगवून उरलेला चुना एका डब्यात घालून दिला, वर काथ्याचा कुंचा. फाट्यावर आलो, शेण सुकलं होतं, ते झाडलं, आणि त्या पिवळ्या बाणावर चुन्याचे हात मारले. मग लिहायला बसलो. सहीशिवाय मी किती वर्षांत काही लिहिलं नव्हतं. धोंडा खडबडीत, कुंचा जाड, अक्षरं गुरांसारखी कुठेही जायची. "पुढे कडा आहे. बारीक वाट धरा." एवढं लिहायला मला अर्धी सकाळ लागली. अक्षरं वाकडी आली. आली तर आली. बापाने वाचली असती तर खूश झाला असता, पण त्याला वाचता येत नव्हतं.

पावसात चुना टिकत नाही. यंदाच्या आषाढातच तो धुऊन गेला असणार, आणि खालचा पिवळा बाण परत उघडा पडला असेल. पांडू म्हणतो, मी ऑइलपेंट आणून देतो, एकदाच काय ते होऊन जाईल. मी नको म्हटलं. दगडाला एकदा रंग लावला की माणूस परत बघायला जात नाही, आणि वाट कुठे सरकली, कुठे दरड आली, त्याला कळत नाही. चुना दर वर्षी लावावा लागतो. म्हणजे दर वर्षी मला जावं लागणार. परवा भाऊबीज आहे, चुना कालच भिजत घातला आहे. ठकीला फोनवर दटावून सांगितलंय की तू वेळेवर जेव, ओवाळायला मी येतोच आहे. ती म्हणाली, बघू. हट्टी बाई. कोणावर गेली कोणास ठाऊक.

पांडूने माझी काठी लपवली आहे. लपव म्हणावं. रानात काठ्या कमी नाहीत.

आणखी एक केलं. खाट फिरवून घेतली. आता वाटेकडे तोंड करून बसतो. या आठवड्यात तिघे-चौघे येऊन विचारून गेले. बांधावरूनच आले, कितीही सांगा. मी आधी त्यांना पोटभर शिव्या देतो. मग दोन्ही वाटा सांगतो.